बसल्या जागी चढणारं घड्याळ

आमच्या शाळेत यंदा जूनमध्ये एक नवीन मॅडम आल्या. वय असेल अठ्ठावीस. हातात काळंभोर चकचकीत घड्याळ. ते पावलं मोजतं, झोप मोजतं, नाडी मोजतं, आणखी काय काय मोजतं देव जाणे. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच बायका बारामतीच्या कालव्याकडेनं फिरायला जातो, तर ही बया दर शंभर पावलांना मनगट वळवते. मागच्या रविवारी म्हणाली, "मॅडम, आपण आज बारा मीटर उंची चढलो." मी लगेच म्हटलं, "कालव्याच्या कडेनं? मग पाणी उलटं वाहतंय वाटतं आज." सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली, अगदी मनापासून. मला मात्र घरी येऊन चहा गोड लागेना. अशीच थट्टा मी एकदा पूर्वी केली होती, आणि तीही अशीच पिकली होती.

खरं सांगते, त्या पोरीच्या हातातलं घड्याळ बघितलं की माझ्या पोटात दुखतं. घ्यायचं म्हटलं तर तसलं मलाही घेता येईल, नाही असं नाही. पण माझं दुखणं जुनं आहे. माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एका स्टीलच्या डब्यात एक घड्याळ आहे. जाड, ओबडधोबड, पुरुषी. तबकडीच्या डाव्या अंगाला एक फुगवटा, गालात सुपारी धरल्यासारखा. त्या फुगवट्यात हवेचा दाब कळायची सोय. एक बटण दाबलं की उंची, दुसरं दाबलं की हवेचा दाब आणि तापमान, तिसरं दाबलं की दिशा. दाबल्यावर आधी नुसत्या रेघा यायच्या, घड्याळ जरा विचार करायचं आणि मग आकडा दाखवायचं. त्याचा मूळचा पट्टा कधीच भुगा होऊन गेला. बारामतीतल्या घड्याळवाल्यानं दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचा पट्टा कातरून बसवून दिलाय. सेल घातले की अजून चालतं.

ते माझं नव्हे. ते माझ्या मैत्रिणीचं.

आम्ही दोघी बारामतीला कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी शेळगावची, शेतकऱ्याची पोर. ती माळेगाव बुद्रुकची, वडील साखर कारखान्यात फिटर. आमचे भूगोलाचे सर महिन्यातून एका रविवारी दहा-बारा जणांना घेऊन भटकायला निघायचे, कधी गड, कधी घाट, कधी नदीकाठ. त्यात मुली दोनच, आम्ही. घरून परवानगी मिळवताना "भूगोलाचं प्रॅक्टिकल आहे" म्हणून सांगायचो.

आणि तिथं माझा मान मोठा होता. मी रानात वाढलेली. सूर्य कुठं आला, वारा कुठून सुटला, ढग गडगडणारा की बरसणारा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण कळायचं. धुक्यात वाट चुकली की सर थांबायचे, मागं वळायचे आणि सगळ्या पोरांच्या देखत विचारायचे, "काय गं, कुठं जायचं?" बस्स. त्या एका प्रश्नावर मी पुढचा महिना काढायचे. कारण घरी मला कोण काय विचारत होतं? उसाला पाणी कधी द्यायचं ते भावाला विचारायचे, बैल बदलायचा का तेही भावाला विचारायचे. मला एवढंच विचारायचे, भाकरी झाल्या का?

माझी मैत्रीण तेव्हा सगळ्यांच्या मागून यायची. दम लागायचा तिला. मी हात धरून तिला वर ओढायचे आणि वर पोचल्यावर ती सगळ्यांना सांगायची, "हिनं आणलं मला, नाहीतर मी खालीच बसले असते." मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग तिचे मामा आले. ते बोटीवर नोकरीला होते, जगभर फिरायचे. त्यांनी येताना भाचीला ते घड्याळ आणलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं झालं. पुढच्याच रविवारी आम्ही एका डोंगरावर गेलो, खिंडीत दोन वाटा फुटल्या. मी वाऱ्याकडं तोंड करून तयारच होते. सर थांबले, मागं वळले, आणि तिला म्हणाले, "घड्याळ काय म्हणतंय?"

माझ्या नाकाला अशी मिरची झोंबली म्हणता. तिनं बटण दाबलं, रेघा आल्या, मग कोपऱ्यात उत्तर दिशा आली. मीही तीच वाट सांगणार होते. पण आता ती घड्याळानं सांगितली होती.

त्या दिवसापासून मला ते घड्याळ डोळ्यांत खुपायला लागलं. तिला जरा तरी माज यावा, असं फार वाटायचं; माज असता तर भांडता तरी आलं असतं. पण ती आपली भोळी. "घे की, आज तू बांध," म्हणायची आणि खरंच काढून द्यायची. मी म्हणायचे, "नको बाई, मला जड होतं." हे धादांत खोटं होतं. रात्रंदिवस मला माझ्या मनगटावर तेच दिसत होतं.

त्याची खोट काढायला मी टपलेलीच असायचे. तापमानाचं तर ते भलतंच सांगायचं, हाताच्या उबेनं फसायचं. खरं तापमान बघायचं तर ते काढून ठेवायला लागायचं. मग ती प्रत्येक विसाव्याला घड्याळ सोडून बाभळीच्या फांदीला अडकवायची आणि सगळे ते गार व्हायची वाट बघत बसायचे. मी म्हणायचे, "मे महिन्यात बारामतीत काय, अंगावर घातलं काय आणि झाडाला टांगलं काय, भाजायचं ते भाजणारच!" पोरं हसायची. पण हसून झाल्यावर विचारायची तिलाच, किती दाखवतंय म्हणून.

उंचीचा तर एक विधीच होऊन बसला होता. त्या घड्याळाला आधी एका ठिकाणची खरी उंची सांगायला लागायची, मग तिथून पुढं ते चढउतार सांगायचं. खरी उंची कुठं मिळणार? ती रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली असते, गावाच्या नावाखाली, समुद्रसपाटीपासून इतके मीटर. त्यामुळं कुठंही निघायचं असलं की आमची वरात पहाटे आधी बारामती स्टेशनवर. गाडी एसटीची, आणि आम्ही रेल्वेच्या पाटीखाली उभे! ती पाटीवरचा आकडा वाचायची आणि घड्याळात भरायची. सर म्हणायचे, "पाजली का गं उंची?" जसं काही वासराला दूधच पाजतोय.

घड्याळाबरोबर एक बारीक अक्षरातलं इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते मी एका रविवारपुरतं मागून घेतलं. तिला म्हटलं, सहज बघते. सहज कसलं! शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसभर बसले आणि अख्खं वहीत उतरवून काढलं. घड्याळ नाही तर नाही, त्याची विद्या तरी माझी. त्यात मला एक गंमत सापडली. त्या घड्याळाला उंची कळतच नाही. त्याला कळतो फक्त हवेचा दाब. डोंगर चढलं की दाब कमी होतो, म्हणून ते समजतं आपण वर आलो. पण समजा तुम्ही एका जागी बसलेले आहात आणि हवाच बिघडली, वादळ जवळ आलं, तरीही दाब कमी होतो, आणि ते बावळट घड्याळ सांगतं की तुम्ही चढलात. म्हणजे बसल्या जागी आकडा चढला तर सामान आवरावं.

मग मी तिला वर्गात सुद्धा चारचारदा विचारायला लागले, "आकडा किती गं?" ती बिचारी सांगायची. माझ्या ध्यानात आलं की रोज सकाळच्यापेक्षा दुपारी तो पंचवीसएक मीटर चढतोच आणि संध्याकाळनंतर उतरतो. ते रोजचंच, त्याला घाबरायचं कारण नाही. पण त्याच्या दुप्पट चढला तर? ते मी कुणाला सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, येईल एक दिवस. तेव्हा सगळ्यांच्या देखत मी सांगेन, आणि सर परत मला विचारायला लागतील. तो दिवस मी राखून ठेवला होता.

आणि तो आला. मे महिना होता. उजनीचं पाणी उतरलेलं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर आलेलं. आम्ही स्टेशनच्या पाटीला हजेरी लावून, एसटीनं भिगवण आणि तिथून दुसऱ्या गाडीनं पळसदेव गाठलं. मासे धरणारे एक तात्या होडीतून आम्हाला देवळापाशी घेऊन गेले. वर्षभर पाण्यात राहिलेले दगड, कोरीव खांब, भेगाळलेला गाळ, त्यात शिंपल्यांचा खच. सर खूश, पोरं खूश. जेवणं झाली. आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं.

दोनच्या सुमाराला तात्या होडीजवळनं उठून आले. म्हणाले, "सर, हवा पार पडलीया. पान हलंना झालंय. निघायचं का आता? का बसायचं अजून? त्या पोरीच्या घड्याळाला इचारा की."

बघा. तात्यासुद्धा! ज्यांचा जन्म पाण्यावर गेला, ते तात्यासुद्धा घड्याळालाच विचारत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं बटण दाबलं. रेघा आल्या. मग ती जरा गोंधळून म्हणाली, "सकाळी काठावर होतं त्यापेक्षा पंचावन्न मीटर चढलंय."

तात्यांनी डोळे वटारले. "पंचावन मीटर? कुठलं पाणी? आगं, पाणी उतरायचं दिस हायती हे! आन् पंचावन मीटर पाणी चढलं तर इंदापूर बुडंल की!" धरणाच्या काठचा माणूस तो. मीटरमध्ये मोजायची त्याला एकच गोष्ट ठाऊक, धरणाचं पाणी. पोरांची हसून हसून मुरकुंडी वळली. कुणीतरी ओरडलं, "तात्या, सोलापूरला सांगावा धाडा!" सरांनाही हसू आवरेना. ते म्हणाले, "अगं, एवढ्या सपाट पाण्यात आपण बसलोय, चढलो कुठं?"

ती ओशाळली. तिनं माझ्याकडं बघितलं. आणि त्याच वेळी सरही माझ्याकडं वळले, कितीतरी महिन्यांनी. म्हणाले, "काय गं, तुझं काय म्हणणं?"

मला सगळं माहीत होतं. पंचावन्न म्हणजे रोजच्या दुप्पट. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, सर, उठा, वादळ येतंय. पण खरं बोलले असते तर घड्याळ खरं ठरलं असतं. सगळे म्हणाले असते, बघा, हिच्या घड्याळाला आधी कळलं. मी म्हटलं, "बिघडलंय सर ते. बसल्या जागी चढणारं घड्याळ कुणी बघितलंय का? आभाळ बघा की किती स्वच्छ आहे. चारला निघू आरामात."

परत हशा पिकला. तिनं ओढणी मनगटावर घेतली आणि घड्याळ झाकलं. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की आज ते लिहिताना मला माझीच शिसारी येते.

चारला निघालो. अर्ध्या पाण्यात असताना पश्चिमेकडून आभाळ मातकट झालं आणि वारा सुटला तो असा सुटला की तात्यांचं वल्हं पाण्यात राहीना. उजनीत लाटा असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. पोरं रडायला लागली. तात्या ओरडत होते, "खाली बसा! खाली बसा रं समदी!" काठ हाकेच्या अंतरावर आला आणि तिथंच पाण्यात बुडालेल्या जुन्या बाभळींचे बुडखे होते. होडी आडवी होऊन त्यांच्यावर जायला लागली. माझी मैत्रीण त्या बाजूला बसली होती. होडी आपटू नये म्हणून तिनं हात पुढं केला. डावा.

होडी कलंडली, पण पाणी कमरेएवढंच होतं, सगळे बाहेर आले. कुणाच्या जिवाला काही झालं नाही. फक्त तिचं मनगट भलतीकडं वळलेलं होतं आणि ती ओरडतसुद्धा नव्हती, पांढरीफटक होऊन नुसती बघत होती. सरांनी टॉवेलनं हात बांधायला घेतला. घड्याळ मी सोडलं. त्याला एक ओरखडासुद्धा नव्हता. मी बटण दाबलं. आकडा उतरायला लागला होता.

हाड जुळलं, पण मनगट पहिल्यासारखं कधी वळलं नाही. घरच्यांनी सांगितलं, पुरे झाली भटकंती. त्याच वर्षी तिचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी तिनं मला माळेगावला बोलावून घेतलं आणि घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "तुला आवडतं ना? तू ठेव. मला आता या हातावर ओझं सोसत नाही."

नको म्हणायला पाहिजे होतं. मी घेतलं. इतकंच नाही, ती इतक्या सहज देऊन टाकते याचाही मला हेवा वाटला. मी तिच्या जागी असते तर कुणाला हात लावू दिला नसता.

पुढचं वर्षभर ते बांधून मी भटकले. सर आता मलाच विचारायचे, घड्याळही माझ्याच हातात. दोन्ही मिळालं होतं. पण वर पोचल्यावर "हिनं आणलं मला" म्हणणारं कुणी मागं नव्हतं. वर्षानं मीच जायचं बंद केलं.

ती इंदापूरला दिली. नवराबायको मिळून बी-बियाणांचं दुकान चालवतात. लग्नाकार्यात भेटायचो, पोराबाळांचं बोलायचो, पण त्या दुपारचा विषय मी कधी निघू दिला नाही. यंदाच्या मे महिन्यात तिचा फोन आला. "अगं, पाणी उतरलंय. देऊळ पार उघडं पडलंय. येतेस का? गाडी मी आणते, तू फक्त भिगवणला ये."

मी पहाटे उठले, डब्यातून घड्याळ काढलं आणि या वयात, नातवंडं यायच्या वयात, बारामती स्टेशनवर जाऊन पाटीखाली उभी राहिले. झाडणारा माणूस विचारायला लागला, "मॅडम, गाडी न्हाय आत्ता. कुणी यायचं हाय का?" मी म्हटलं, "नाही, सहज."

आता होडीला मोटर आहे, अंगात घालायला नारंगी जॅकेटं आहेत. आम्ही दोघी देवळाच्या पायरीवर बसलो. तिनं भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. डाव्या हातात धरून उजव्यानं फोडत होती, कारण डाव्याला तेवढंच जमतं. ते माझ्यानं बघवेना. मी म्हटलं, "तुला एक सांगायचंय," आणि सगळं सांगून टाकलं. वही, पुस्तक, पंचवीस मीटर, पंचावन्न मीटर. मला माहीत होतं, आणि मी जळून खोटं बोलले, हेही सांगितलं. शेवटी रडायला आलं.

ती शेंगा फोडायची थांबली नाही. फोडता फोडताच म्हणाली, "मला पण माहीत होतं."

"काय?"

"आकडा बसल्या जागी चढला की वादळ येतं ते. अगं, ते पुस्तक तुझ्याकडं एक दिवस होतं. माझ्याकडं कायमचंच होतं की."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. तेवढ्यात सरांनी तुला विचारलं." तिनं दाणे माझ्या हातावर ठेवले. "तू म्हणालीस, बिघडलंय. मग मला वाटलं, बिघडलं असंल. तू कुठं कधी चुकली होतीस? आणि घड्याळ काय बाई, परवाचं आलेलं."

जिच्या हातातल्या घड्याळावर मी जळत होते, तिनं ते घड्याळ माझ्या शब्दापुढं बाजूला ठेवलं होतं, आणि हात मोडून घेतला होता.

दुपार कलायला आली. वारा पडला होता. मी सवयीनं बटण दाबलं, रेघा आल्या. ती घड्याळाकडं वाकली नाही. माझ्या तोंडाकडं बघत, साडीवरची टरफलं झाडत म्हणाली, "बोल. निघायचं का थांबायचं?"